जालन्याच्या भट्टीवरून सुरजागडच्या खाणीवर

जालन्यात सळईच्या मिलवर वीस वर्षं काढली, पण लोखंड ज्या दगडातून निघतं तो दगड कधी पाहिला नव्हता. पाहणार कुठं? आमच्याकडं खणाल तिथं काळा पाषाण. भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता केलेलं कच्चं लोखंड, टाकायचं, एवढंच ठाऊक. म्हणून या जानेवारीत आम्ही चौघं गडचिरोलीला सुरजागडची खाण पाहून आलो.

समृद्धीनं नागपूर, चंद्रपूरला मुक्काम आणि पहाटे निघून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, एटापल्लीमार्गे खाणीजवळचं हेडरी गाव. डिझेल आणि रोख पैशाची सोय आलापल्लीतच करा. पुढं रेंजचा भरवसा नाही. खनिजाच्या ट्रकांना ओव्हरटेक करायच्या नादी लागू नका, अंधाराआधी परत फिरा. मलेरियाचा जिल्हा आहे, डासांचं मलम हवंच. परवानगी लेखीच घ्या. आमची तोंडी होती, गेटवर दोन तास गेले.

आत डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. खाणीतल्या माणसानं हेमटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा, ढेकूळ हातात दिला. आमच्यातल्या मिस्त्री मामांनी तो एका हातात आणि गाडीच्या चाकाला लावायचा जालन्याचा दगड दुसऱ्या हातात घेतला. आकार सारखाच, पण खनिजाचा हात खाली गेला. मग तो करडा ढेकूळ फुटक्या फरशीच्या पाठीवर घासला, तर गेरूसारखी तांबडी रेघ! मामा कितीतरी वेळ त्या रेघेवर बोट फिरवत होते.

जवळपास 348 हेक्टरचा हा पट्टा खाणकामासाठी 2007 मध्ये भाड्यानं दिला गेला. पण 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी इथं कित्येक गाड्या जाळल्या, आणि खनिज खऱ्या अर्थानं निघू लागलं ते 2021 नंतर. खाण म्हणजे नुसतं खोदणं नाही, हे तिथं कळतं. रस्ता, वीज, पाणी, पोलीस ठाणी, सगळं उभं करावं लागतं. आता हेडरी ते कोनसरीचा कारखाना अशी सुमारे 85 किलोमीटरची पाइपलाइन आहे. खनिज दळून, पाण्यात कालवून तिच्यातून जातं. वाटेत चहा देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पाइप आला, आता धूळ तरी कमी व्हावी." धानावरचा तांबडा थर पाहिला की त्यांचं म्हणणं पटतं.

याच डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते. खाणीला तिथल्या लोकांचा विरोध का, ते त्या यात्रेत समजतं. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

परतताना कोनसरीला थांबा, तिथली परवानगी मात्र वेगळी लागते. दळलेल्या खनिजाच्या बोराएवढ्या गोळ्या होतात, त्यांचंच पुढं स्पंज. मामांनी एक तळहातावर घेऊन पाहिली अन् म्हणाले, "हिलाच आपण भट्टीत ओळखत नव्हतो."