चौकातला गोल नक्की केवढा?

रविवारी सकाळी सहाला मी आणि भाचा पार्ल्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकाचा छोटा गोल मोजायला गेलो. मधोमध कट्टा, त्यावर चौकाच्या नावाची पाटी आणि झेंड्याचा खांब, बस. आम्हाला टेप घेऊन रस्त्यात बघून वॉचमनकाका आले, "परत खोदणार का?" म्हणाले. नाही हो काका, नकाशासाठी मोजतोय म्हटलं तर त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

झालंय असं की ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावर, हा गोल कोणीतरी मिनी राउंडअबाउट म्हणून एका ठिपक्यात टाकलाय. ठिपक्याला माप नसतं, तीन मीटरचा असो की तीसचा, दिसणार सारखाच. शिवाय मिनी म्हणजे मधला भाग गाडीला ओलांडता यायला हवा, रंगवलेला किंवा जरासा फुगीर, ब्रिटनमध्ये तो पांढरा गोल १ ते ४ मीटरचा असतो आणि बाहेरचं वर्तुळ जास्तीत जास्त २८. आपल्या कट्ट्यावरून बस कशी जाणार? म्हणून ठिपका पुसून वर्तुळच आखायचं ठरवलं. किंग्ज सर्कल, हॉर्निमन सर्कल आखतात तसंच, फक्त पिटुकलं.

पण खरा घोळ इथेच आहे. कट्ट्याभोवती सुतळी फिरवली, ९.४ मीटर भरली, भागिले ३.१४ म्हणजे व्यास ३. कट्ट्यापासून फुटपाथच्या कडेपर्यंत दोन्हीकडे ७.२, म्हणजे बाहेरून बाहेर १७.४. आणि नकाशातली रेघ रस्त्याच्या मध्यातून जाते, तिचा व्यास येतो १०.२! तिन्ही आकडे बरोबर, पण अग्निशमनच्या गाडीला वळायला जागा किती हे फक्त १७.४ वरून कळतं, आणि नुसती रेघ बघणारा १० धरून बसेल. म्हणून मी व्यासाच्या टॅगमध्ये (नकाशातल्या गोष्टीला माहिती जोडायचा रकाना) बाहेरचं माप टाकलं, पुढे मीटर लिहून, कारण हाच टॅग पाइपांना मिलिमीटरमध्ये वापरतात, आणि कुठून कुठे मोजलं तेही नोंदवलं. तुम्हीही प्लीज नोंदवा.

फोनच्या जीपीएसने मात्र मोजू नका, मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होतात, आपला कट्टाच तीनचा. सॅटेलाइट फोटो सरकलेला असला तरी व्यास बदलत नाही, तो चालला असता, पण आमच्या चौकावर रेन ट्रीची छत्री आहे, खालचं काही दिसतच नाही.

निघताना काका म्हणाले मागच्या गल्लीतला गोल याहून लहान, कचऱ्याची गाडी तिथे दोनदा मागेपुढे करते. पुढच्या रविवारी तिकडे जातोय, काकाही येणारेत.