रिपोर्ट कुठाय?

"रगत नेता बापा, रिपोट कोनी आनून देत नाई."

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आज सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, सर्व्हे करताना एक आजी बोलली. पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, आत नातीची कॅम्पमधली चिठ्ठी. नाव, वय, नंबर, अन् निकालाची जागा कोरी. एवढी जपून ठेवलेली!

२०२३ ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य, चांगलंच आहे ते. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी त्याचा जीन अंगात असला, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, हे लग्नाआधी कळायला नको का, अन् रिपोर्टच नाही तर कळणार कसं?

रिसर्च पेपरात सँपल साइज, म्हणजे किती जणांना तपासलं, ते छापतो आपण. किती जणांना निकाल हातात मिळाला, हे का नाही छापत?