स्टोनी कोव्ह, मार्चचं पाणी आणि गळ्यात मारलेला रेग्युलेटर

स्टोनी कोव्हला डायव्हिंगला निघण्याआधी आपल्या रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करणाऱ्या यंत्राचा) फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, हातात घ्या आणि त्यावर काय कोरलंय ते वाचा. 'ईएन २५०ए' (रेग्युलेटरचं युरोपीय मानक) असेल आणि शेजारी '>१०° सें.' असंही असेल, तर तो १० अंशांपेक्षा गार पाण्यासाठी नाही. शनिवारी माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने पाणी ६ अंश दाखवलं. हा रेग्युलेटर विकताना दुकानदार म्हणाला होता, "इंग्लंडमध्ये बाराही महिने चालतो." त्या एका वाक्यामुळेच हे सगळं लिहायला बसले आहे. बोटं अजून बधिर आहेत आणि राग उतरलेला नाही.

जागा माहीत नसलेल्यांसाठी: लेस्टरशायरमध्ये स्टोनी स्टँटन गावाजवळची ही ग्रॅनाइटची जुनी खाण. खोदकाम १९५८ मध्ये थांबलं आणि खाण पाण्याने भरली. तळ टप्प्याटप्प्याने उतरतो: आधी ६-७ मीटर, मग २० ते २२, आणि सगळ्यात खोल भाग ३५ च्या आसपास. मधल्या टप्प्यावर स्टेनगार्थ ही टगबोट आहे, खास डायव्हरांसाठी २००० साली बुडवलेली. आमचं ओशन डायव्हरचं, म्हणजे नवशिक्यांचं, सर्टिफिकेट २० मीटरपर्यंतचं, म्हणून तिच्या वरच्या भागावरूनच फिरून यायचं ठरलं होतं.

पहिल्या टप्प्याची कड सोडून खाली उतरायला लागलो. दाब वाढला की ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा सूट) अंगाला आवळतो, म्हणून त्यात थोडी हवा सोडली, त्याच क्षणी श्वासही घेतला, आणि तोंडातला रेग्युलेटर फुटल्यासारखा वाहायला लागला. थांबेचना. बुडबुड्यांच्या पडद्यातून बडी (जोडीदार डायव्हर) दिसेना, हवेच्या गेजचा काटा डोळ्यांदेखत घसरत होता. क्लबचा सीनियर हातभर अंतरावर होता म्हणून निभावलं. त्याने आपला ऑक्टोपस (दुसऱ्याला श्वास देण्यासाठीचं जादा तोंड) माझ्या तोंडाशी आणला, मागून माझा सिलिंडर बंद केला आणि एकमेकांचे पट्टे धरून आम्ही सावकाश वर आलो. एवढ्यात १२ लिटरचा सिलिंडर अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता. स्टेनगार्थ मी पाहिलीच नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण दुकानात कोणी सांगत नाही. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. फर्स्ट स्टेज ती भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त, एवढ्यावर आणतो. एकदम प्रसरण पावलेली हवा शून्याच्या खूप खाली गार होते. भोवतालचं पाणी आधीच ५-६ अंशांवर असेल, तर ते यंत्राच्या आत-बाहेर गोठतं आणि बर्फाने झडप उघडी अडकते. गोडं पाणी शून्यावर गोठतं, समुद्राचं उणे २ च्या आसपास, म्हणून खाणीतलं डायव्हिंग या बाबतीत समुद्रापेक्षा कडक. खोली वाढली की प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, त्यामुळे धोका खोलवर वाढतो. एकाच वेळी श्वास घेणं आणि सूट किंवा बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) फुगवणं म्हणजे फर्स्ट स्टेजवर दुप्पट भार. थंडीत आधी श्वास, मग बटण, आणि तेही टिचकीभर. काठावर उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका. श्वासातली वाफ सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तोंडातल्या भागात, साठते आणि पुढे तीच गोठते.

म्हणून विकत घेताना फर्स्ट स्टेज पाण्यापासून सीलबंद असलेलाच घ्या, आणि १० अंशांची मर्यादा कोरलेला घेऊच नका. ब्रँड दुय्यम आहे. सिलिंडरला लावायची जोडणी डिन (आट्यांनी आत फिरवायची) घ्या, ए-क्लॅम्प (बाहेरून चिमटून बसणारी) नको. सेकंडहँड चालेल, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

आता दुकानाबद्दल. सोमवारी रेग्युलेटर परत घेऊन गेले, तर उत्तर मिळालं की थंड पाण्याचं किट बसवता येईल, मजुरीसकट १४० पौंड. जे आधीच सांगून विकलं, तेच पुरवायला वेगळे पैसे! मी दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका. विकताना तोंडी जे सांगतात ते बिलावर लिहून मागा: "१० अंशांखाली वापरण्यायोग्य". लिहून द्यायला का-कू केली, की तिथून निघा.

'नव्या डायव्हरसाठी पॅकेज' हा प्रकारच टाळा. माझ्या पॅकेजमध्ये ७ मिलिमीटरचा सेमी-ड्राय सूट होता, म्हणजे थोडंच पाणी आत येऊ देणारा निओप्रीनचा (फुगीर रबराचा) सूट. निओप्रीनची ऊब त्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे असते आणि २० मीटरवर ३ बार दाबाखाली ते एक तृतीयांशापर्यंत दबतात. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तिथेच सूट पातळ होतो. मार्चमध्ये तो नकोच. ड्रायसूट मी भाड्याने घेतला आणि त्या निर्णयाबद्दल खूप समाधानी आहे. पॅकेजमधले फिन (पायात घालायची वल्ही) मात्र ड्रायसूटच्या बुटांवर चढेनात, दुसरे उसने घ्यावे लागले. क्रम असा ठेवा: आधी ड्रायसूट, त्याचे बूट, आणि फिन सगळ्यात शेवटी, बूट घालून बघूनच.

मेम्ब्रेन (पातळ कापडाच्या) ड्रायसूटला स्वतःची ऊब नसते, ऊब आतल्या अंडरसूटची. सूट मापाला घेताना जाड अंडरसूट घालून खाली बसा, हात डोक्यामागे नेऊन सिलिंडरच्या नळापर्यंत पोचतो का बघा. पोचला नाही तर तो सूट तुमचा नाही, कितीही सवलत असो. ड्रायसूटचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागत असेल, तर सूट घेण्याआधीच घ्या. हवा पायात जाऊन पाय वर, डोकं खाली झालं तर काय करायचं, हे हातापायांना आधी ठाऊक हवं.

हातमोजे ५ मिलिमीटरचे. दुकानात ते घालूनच बीसीडीची प्रत्येक बकल उघडून बघा आणि कॉम्प्युटरची बटणं दाबून बघा. माझ्या बीसीडीची एक बकल मोज्यांनी उघडतच नाही. हुडाची कड मास्कखाली जाता कामा नये, नाहीतर ६ अंशांचं पाणी डाइव्हभर नाकाशी येत राहतं. मास्क तेवढा मनापासून चांगला घ्या, स्वतःचा घ्या.

तारकर्लीत किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला शिकून इकडे नोकरीला आलेल्यांनी तिथला ३ मिलिमीटरचा सूट आणला असेल, तर तो सुट्टीपुरता ठेवा. खाली जाण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनाचा तिथला आकडाही इथे लागू नाही. अंडरसूट जाड असला की शिसं बरंच वाढतं, आणि समुद्रात मोजलेल्या वजनातून गोड्या पाण्यासाठी २ ते ३ किलो कमी करावे लागतात. काठाजवळ, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना पुन्हा मोजा.

रविवारी क्लबचा सीलबंद रेग्युलेटर लावून ६ मीटरवरच राहिलो. छान झालं, पर्च मासे दिसले.

जाणार असाल तर प्रवेश आधी ऑनलाइन बुक करा आणि शनिवारी सकाळी लवकर पोचा, गाडी पाण्याजवळ लागली तर ओझं वाहण्यात दम जात नाही. १० अंशांखाली उतरताना ३ लिटरचा पोनी सिलिंडर (अडचणीसाठीचा छोटा जादा सिलिंडर) त्याच्या वेगळ्या रेग्युलेटरसह घ्या, भाड्याने का होईना. स्वतःचा सिलिंडर नेत असाल तर त्यावरच्या तपासणीची तारीख घरीच बघा: इथे दर अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि ५ वर्षांनी दाबाची चाचणी लागते, तारीख उलटली असेल तर हवा भरून मिळत नाही.