हा दगड प्रवाळाचाच, हे कशावरून?

‘एवढी भोकं आहेत म्हणजे प्रवाळच ना?’ असं विचारत लोक दगड घेऊन येतात. तो सह्याद्रीतून उचललेला असला तर बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणावं लागतं. आपला बेसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा; त्यातली भोकं वायूच्या बुडबुड्यांची. खरी फसगत होते ती त्या भोकांत वाढलेल्या झिओलाइट या खनिजाच्या सुयांमुळे, कारण त्याही एका जागेवरून चहूकडे फाकलेल्या असतात.

म्हणून भोकं सोडा, पडदे बघा. कठीण प्रवाळाचा एकेक जीव ज्या खळग्यात बसतो, त्याच्या भिंतीपासून मध्याकडे पातळ, उभे पडदे गेलेले असतात. दगड ओला करून आडवा छेद भिंगाखाली धरला की मोसंबीच्या चकतीसारखं दिसतं. मग मोजायला बसायचं. सहा मोठे, त्यांच्या मधोमध सहा लहान, त्या बारांच्या फटींत आणखी बारा. असा हिशेब जमला की तो आजच्या प्रवाळांच्या घराण्यातला, स्क्लेरॅक्टिनिया. हे घराणं सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडाच्या मध्यात दिसू लागतं. त्याआधीच्या, रुगोसा नावाच्या प्रवाळांत सुरुवातीच्या सहा पडद्यांनंतरचे पडदे चारच जागी भरत जातात. ते सगळे पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. या मोजणीचा मला कधी कंटाळा येत नाही. जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी तर डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या सालीवरच्या बारीक रेघा मोजल्या आणि १९६३ साली लिहिलं, की एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० रेघा भरतात. रोजची एक रेघ धरली तर तेव्हाचं वर्ष सुमारे ४०० दिवसांचं होतं!

पडदे नेहमी इतके स्वच्छ मिळत नाहीत. स्क्लेरॅक्टिनियांचा सांगाडा अ‍ॅरगोनाइट या चुनखनिजाचा. काळाच्या ओघात तो विरघळतो किंवा त्याचं कॅल्साइट हे दुसरं चुनखनिज होतं आणि आतली नक्षी पुसते. अशा वेळी ‘प्रवाळ आहे’ एवढंच सांगावं, जातीचं नाव चिकटवू नये. आम्लाचा थेंब टाकून फेस आला म्हणूनही हुरळू नका. बेसाल्टच्या पोकळीतलं कॅल्साइटही फसफसतं. मध्य प्रदेशात बाग या गावाजवळच्या थरांत ‘कोरलाइन’ म्हणवणारा चुनखडक आहे, पण तो मुख्यतः ब्रायोझोआ या वसाहतीनं राहणाऱ्या, प्रवाळांहून वेगळ्या चिमुकल्या जीवांचा. त्यांची छिद्रं मिलिमीटरहून लहान आणि आत पडदे नाहीत.

फोटो पाठवाल तेव्हा दगड ओला करून आडव्या बाजूचा काढा, शेजारी पट्टी ठेवा. आणि तो कुठल्या गावाजवळ, कुठल्या खडकात मिळाला ते आधी लिहा.