वॉशरची मोटर, लातूरचे मामा आणि उणे 18

नमस्कार मंडळी, यावेळी बर्फाचे फोटो नाहीत, गाडीच्या काचेवर पाणी मारणाऱ्या छोट्याशा मोटरीबद्दल लिहितोय. लातूरला असताना या मोटरीकडं मी कधी बघितलंच नव्हतं. आपल्याकडं धूळ कोरडी असते, फडकं मारलं की काच साफ. आणि 2016 च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, त्या दिवसांत भांडी विसळलेलं पाणीसुद्धा आई झाडाला घालायची, गाडीच्या टाकीत पाणी कोण भरतंय!

इथं कॅनडात गोष्ट वेगळी आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि 401 हायवेवर पुढं ट्रक असला की त्याच्या चाकाखालचा खारट राडा उडून काचेवर बसतो, बघता बघता वाळून पांढरा होतो, नुसता वायपर फिरवला तर अजूनच फासला जातो. नोव्हेंबरच्या शेवटी मी काचेवर पाणी मारायला स्टिअरिंगजवळची दांडी ओढली तर काहीच नाही. ना आवाज ना पाणी. गाडी शंभरच्या वेगात, मागं लेक बसलेली, समोर सगळं धुरकट. कसाबसा पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो, पेट्रोल पंपावर बादलीत ब्रश ठेवलेला असतो त्यानं काच धुतली, तेव्हा जरा जीवात जीव आला.

कारण मलाच माहीत होतं. ऑक्टोबरात छान ऊन पडलेलं, तेव्हा टाकीत नळाचं पाणी भरलं होतं. इथं उणे 40 पर्यंत न गोठणारं लिक्विड मिळतं, त्यात मिथेनॉल असतं, ते भरायला पाहिजे होतं. पाणी 0 ला गोठतं आणि गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आदल्या रात्री पारा उणे 18 होता.

गाडी 2008 ची. इथल्या एका गॅरेजवाल्यानं मजुरीसकट 200 डॉलरच्या वर सांगितले. मग रविवारी सकाळी दहाला मामांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्रीचे साडेआठ, औसा रोडवरच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून मामा चहा घेत बसले होते. मी म्हणलं, मामा, मोटर ऑर्डर करू का? तर म्हणाले, "आरं थांब की जरा. काय बिघडलंय ते कळल्याबिगर सामान आणायचं नसतंय. आधी फ्यूज बघ."

फ्यूज उडालेलाच होता. आतलं पाणी गोठलं की मोटर फिरू शकत नाही, अडकलेली मोटर करंट जास्त खेचते, मग फ्यूज जातो. पण नवीन टाकण्याआधी बर्फ वितळायला पाहिजे, म्हणून इथल्याच एका, मूळच्या नांदेडच्या मित्राच्या घरी, त्याच्या हीटरवाल्या गॅरेजात गाडी नेऊन चार तास उभी केली. मग फ्यूज बदलला, मित्रानं दांडी ओढली आणि मामा फोनवरून म्हणाले, "आता चाकापशी कान लाव." घूंऽऽ आवाज येत होता, म्हणजे वायर ठीक, करंट येतोय. आणि खाली फरशीवर थेंब थेंब गळत होतं. मामा लगेच म्हणाले, "बॉडी फुटली बघ. आता मागव."

25 डॉलरची मोटर आली पुढच्या शनिवारी. काम तसं अवघड नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाकावरचं प्लास्टिक कव्हर काढलं (जुन्या क्लिपा थंडीत काडकन मोडतात, दोन गेल्याच), आत बघितलं तर टाकीच्या बुडाशी, एका रबरी बुचात मोटर दाबून बसवलेली. अंगठ्याएवढी. खाली टब धरला, वायरचा कपलर सोडला, पाईप काढला आणि मोटर हलवत हलवत ओढली. तिच्या काळ्या प्लास्टिकवर केसासारखी बारीक चीर होती, नखानं चाचपली तेव्हाच कळली.

नवीन मोटर घालण्याआधी मामांनी अडवलं. "बूच काढून बघ, त्यात जाळी असती." खरंच होती, हिरवट शेवाळानं भरलेली. ती तशीच ठेवली असती तर नवीन मोटरसुद्धा पाण्यावाचून कोरडीच फिरत बसली असती. व्हिडिओ बघून करणाऱ्याला हे कोण सांगणार? मामांनी पस्तीस वर्षं गाड्यांखाली काढलीत, त्यांना टाकी न बघताच कळलं. जाळी ब्रशनं धुतली, बुचाला थोडं साबणाचं पाणी लावलं, मोटर दाबली तशी गपकन बसली.

निळं लिक्विड भरलं, दांडी ओढली. आधी हवेचे बुडबुडे, मग दोन्ही नोझलमधून सरळ धार. मामा फोनच्या स्क्रीनवर डोळे लावून बघत होते.

"आलं, आलं," मामा म्हणाले, "आता बास कर, सांडू नको."