बास गिटार अपडेट: आवाजातला चिखल नक्की कुठून येतो ते सापडलं

मंडळी, मागच्या वेळी मी जे रडगाणं गायलं होतं ना, की मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) सगळं नीट बसतंय पण ड्रम लूप (सतत फिरणारा ड्रमचा ठेका) लावला की माझी ऑक्टेव्हवाली लाइन, म्हणजे एक सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला जोडीदार आलटून पालटून, गढूळ ऐकू येते, त्याचा एकदाचा छडा लागला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा संशय टायमिंगवर होता. म्हणून रेकॉर्डिंग घेऊन वेव्हफॉर्म झूम करून बघितला, तर नोटची सुरुवात किकच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) अगदी जवळ पडतेय. घोळ शेवटाला आहे. नोट संपतच नाही, बोट उचललं तरी मागे घूंऽऽ चालूच.

मग सहज म्हणून तीच लाइन एक फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी) वर सरकवली, ए ऐवजी बी फ्लॅट. एकदम स्वच्छ! तीच बोटं, तोच लूप, तोच ॲम्प. डोकं खाजवत बसले आणि मग ट्यूब पेटली. बासच्या चार तारा जाडीकडून बारीक अशा ई, ए, डी, जी; त्यातल्या ई स्ट्रिंगच्या पाचव्या फ्रेटवरचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ आणि मोकळी ए स्ट्रिंगसुद्धा ५५ च, म्हणजे तिला कोणी हात न लावता ती बाई आपोआप गायला लागते, आणि डीच्या सातव्या फ्रेटवरचा ऑक्टेव्ह ११०, तोही तिलाच उठवतो. बी फ्लॅट ५८ च्या आसपास, त्याला सूर मिळवायला कुठलीच मोकळी तार नाही. खात्री करायला केसांचा रबर पहिल्या फ्रेटवर गुंडाळला आणि परत ए मध्ये वाजवलं, घूं गायब. (छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर हे शोधायला जाऊ नका, एवढं खालचं त्यातून धड बाहेरच येत नाही. बरे हेडफोन लावा.)

आता कारण कळलं म्हणजे हात ऐकतो असं थोडीच आहे. खालच्या सुराच्या जाड तारा उजव्या अंगठ्याने दाबून गप्प करायच्या आणि वरच्या सुराच्या डाव्या हाताच्या आडव्या बोटांनी, हे सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. पण ऑक्टेव्हमध्ये ई वरून थेट डी वर उडी असते, म्हणजे अंगठा पिकअपवरून उठून ई आणि ए दोन्हीवर आडवा पडायला हवा, आणि लगेच परत मागे. माझा अंगठा जाताना वेळेवर जातो, येताना रेंगाळतो. शिवाय ई वर वाजवताना ए गप्प ठेवायचं काम डाव्या पहिल्या बोटाचं, आणि ते बोट टोकावर उभं राहिलं की संपलं. जरा सपाट ठेवलं, पोटाने शेजारच्या ए तारेला नुसतं टेकवलं, तर निम्मा आवाज तिथेच मरतो. हे मी ६० बीपीएमवर (मिनिटाला ६० ठोके), मेट्रोनोमची क्लिक चारातल्या फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवून घासतेय. इतकं हळू वाजवताना नोटची लांबी लपवायला जागाच राहत नाही, भयंकर कंटाळवाणं आहे पण तेच काम करतंय.

मधे फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, मऊ आवाजाच्या तारा) घ्यायचं डोक्यात होतं. मग म्हटलं आधी फुकटातलं करू, ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगावर अडकतात तिथे) तारांखाली फोमचा तुकडा सरकवला. मोटाउनचा नावाजलेला बासवादक जेम्स जेमर्सन त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बासवर फोम आणि जुन्या फ्लॅटवाउंड असंच वाजवायचा, तेही उजव्या हाताच्या एका बोटाने, त्यामुळे याला चीटिंग म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं. आवाज कसला गोल येतो, ठुम ठुम! पण थांबा, हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की फोम लावल्यापासून अंगठा परत आळशी झालाय, कारण चूक ऐकूच येत नाही. म्हणजे सरावाला फोम बाहेर, जॅमला (सगळे मिळून वाजवतो तेव्हा) आत. आणि फ्लॅटवाउंडचं पुढे ढकललं, त्या चढवल्या की टेन्शन बदलणार, मग ट्रस रॉड (दांड्याचा बाक धरणारी सळई) बघा, ॲक्शन (तारांची उंची) बघा, इंटोनेशन (फ्रेटवरचे सूर बरोबर लागतात का) बघा, हातात नीट आलेला सेटअप आत्ता कोण हलवेल.

जॅमचं सांगायचंच राहिलं. आतापर्यंत मी व्हॉल्यूम मुद्दाम खाली ठेवायचे, गढूळपणा कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मग ऐकू येत नाही म्हणून तारा जोरात ओढायचे, त्याने बझ (तार फ्रेटला आपटून होणारी खरखर) वाढायचा आणि बोटं दुखायची ती वेगळीच. या वेळी ॲम्प वर, हात हलका. दुसऱ्या गाण्यानंतर ड्रमर म्हणतो, "अगं आज बास दिसतोय!" दिसतोय म्हणाला तो, मी तो शब्द जपून ठेवलाय.

घोस्ट नोट्स (दाबलेल्या तारेचे नुसते टक टक ठोके) अजून जमत नाहीत, त्यावर आत्ता बोलत नाही. पुढचा प्लॅन वॉकिंग लाइनचा (दर ठोक्याला एक सूर चालत जाणारी लाइन) होता, तो रद्द. त्याऐवजी हीच ऑक्टेव्ह लाइन डी मध्ये, म्हणजे ए स्ट्रिंगच्या पाचव्या आणि जीच्या सातव्या फ्रेटवर, कारण तिथे मोकळी डी तसाच त्रास देणार आणि अंगठ्याला आधीपासून ई वर बसून राहावं लागणार. ज्यांचा अंगठा परत येताना वेळेवर येतो त्यांनी जरा सांगा, मनगट हलवता की नुसता अंगठा सरकवता? माझं मनगटच सगळं करायला बघतंय.