अकराच्या नऊ झाल्या

रविवारी फोनवर आईचा ठरलेला प्रश्न असतो, "काय गं, किती झाल्या आता?" मी दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, एक गोतावळा अभ्यासते; त्यात किती दीर्घिका जमल्या, असं तिला विचारायचं असतं. परवा सांगावं लागलं, अकराच्या नऊ झाल्या.

"म्हणजे दोन मेल्या?"

मेल्या कुठल्या, आमच्या नव्हत्याच त्या. खंडाळ्याहून रात्री खाली बघितलं की खोपोलीचे दिवे दिसतात, आणि त्यातच एखादा अलीकडच्या वळणावरच्या ट्रकचाही असतो. फोटोत सगळे एका रांगेत! आकाशाच्या फोटोतही गर्दी अशीच फसवते. खरं अंतर कळतं ते वर्णपटातून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून त्यातल्या रेषा बघून.

माझा गोतावळा ४.३ ताम्रसृतीवर (विश्वाच्या प्रसरणानं प्रकाश लाल बाजूला किती ताणला गेला त्याचं हे माप), म्हणजे प्रकाश साधारण १२.४ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. हायड्रोजनची १२१६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) असलेली अतिनील रेषा ताणली जाऊन ६४४५ला, चक्क लाल रंगात येते. वगळलेल्या या दोघींचीही एकेक रेषा तिथेच होती, म्हणून धरल्या. पण साडेसहा अब्ज वर्षांपूर्वीच्या एखाद्या दीर्घिकेतली ऑक्सिजनची ३७२७ची रेषाही नेमकी तिथेच येऊन बसते. हायड्रोजनची रेषा निळ्या बाजूला कड्यासारखी तुटते आणि लाल बाजूला शेपटी सोडते. ऑक्सिजनच्या मात्र मुळात दोन रेषा, इतक्या जवळ की ढोबळ वर्णपटात एकच वाटतात. नवीन, बारीक वर्णपट उघडला तर शेपटीचा पत्ता नाही, वर दोन शिंगं. तिथेच चहा गार झाला.

२०१८ साली जाहीर झालेल्या एसपीटी२३४९-५६ या दीर्घिकांच्या गर्दीचा मला हेवा वाटतो तो यासाठीच. तीही ४.३वरच. साउथ पोल टेलिस्कोपला तिथे नुसता एक ठिपका दिसला होता. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यानं त्यातून चौदा दीर्घिका सुट्या केल्या, अंतरं कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून काढली. महास्फोटानंतर जेमतेम १.४ अब्ज वर्षांत आपल्या आकाशगंगेच्या चारेक पट जागेत इतकी दाटीवाटी! एवढं वस्तुमान इतक्या लवकर एका जागी गोळा कसं झालं, या प्रश्नापायी तर मी या भानगडीत पडले.

"मग त्या दोघींना काढून टाकलंस?" आईला उगीचच वाईट वाटलं. टाकल्या नाहीत, वेगळ्या तक्त्यात ठेवल्यात. उरलेल्या नऊतल्या सात नंबरच्या दीर्घिकेची रेषा इतकी फिकी आहे की शेपटी आहे की शिंगं, काहीच कळत नाही. ते आईला अजून सांगितलेलं नाही.